नवशिक्या पेशींसाठी हृदय-मार्गदर्शिका

पेशीबाई, तू ज्या गर्भात राहतेस त्याला आज पंधरा-सोळा दिवस झाले. गर्भ माणसाचा आहे असं धरून चालू. उंदराचा असता तर इथवर यायला आठवडाही पुरला असता. हा गर्भ म्हणजे अजून जेमतेम मिलिमीटरभराची चपटी चकती आहे. आईची पाळी एखादा दिवस पुढे गेली असेल, त्यापलीकडे तिला काही माहीत नाही. आणि तुला आठवड्याभरात हृदयाचा स्नायू होऊन ठोके द्यायला लागायचं आहे.

ही पुस्तिका त्यासाठी आहे. पूर्वानुभवाची अट नाही, कारण तो कुणालाच नसतो. नकाशा मात्र मागू नये. हृदयाचा नकाशा गर्भात कुठेही टांगलेला नाही, कुणा वरिष्ठाच्या कपाटातही नाही. जनुकांचा पूर्ण संच तुझ्याजवळ आहे खरा, पण तोच संच उद्या त्वचा किंवा यकृत होणाऱ्या पेशींकडेही आहे. त्यातलं कुठलं जनुक चालू करायचं आणि कधी बंद करायचं, हे तुला शेजारी सांगणार. सगळी गंमत आणि सगळी भानगड तिथेच आहे.

पात्रता

पात्रता म्हणजे जागा. चकतीच्या मधोमध एक रेषा उमटली आहे, तिला आदिरेषा म्हणतात. वरच्या थरातल्या पेशी या रेषेतून खाली उतरतात आणि मधला थर तयार करतात. तू उतरशील तेव्हा रेषेच्या पुढच्या भागातून उतर, पण अगदी टोकातून नको. टोकातून गेलीस तर पाठीच्या कण्याआधी जी आधाराची दोरी तयार होते तिच्यात तुझी नेमणूक होईल. फार मागून गेलीस तर गर्भाबाहेरच्या आवरणांत रवानगी. हे अंतर मिलिमीटरच्या अंशांत मोजायचं आहे. या वेळी एका जागची पेशी उचलून दुसरीकडे ठेवली तर ती बहुधा नव्या शेजाऱ्यांसारखीच होते. प्रयोगशाळांत हे करून पाहिलेलं आहे. तेव्हा ‘आपण जन्मतःच हृदयाच्या’ असा तोरा कुणी मिरवू नये.

उतरताना तुझ्यात मेस्प-वन नावाचं जनुक थोडा वेळ चालू होईल. ते चालू झालं की थांबायचं नाही, पुढे आणि बाजूला सरकत राहायचं. अर्ध्या जणी डावीकडून जातील, अर्ध्या उजवीकडून. पोचल्यावर ते जनुक बंद करायला विसरू नये. प्रवासापुरतं दिलेलं साहित्य मुक्कामाच्या जागी वापरायचं नसतं.

कुणाचं ऐकावं

इथे नवशिक्या हमखास गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

तुझ्या आसपास दोन आवाज आहेत. एकाचं नाव बीएमपी. तो शेजारच्या थरांतून येतो आणि सांगतो, ‘हृदय हो.’ दुसऱ्याचं नाव विंट. विंटचं वागणं सासरच्या माणसांसारखं, वेळेवर अवलंबून. अगदी सुरुवातीला तो हवाच. त्याच्याशिवाय तू मधल्या थरात येणारच नाहीस. पण एकदा आलीस की त्याच विंटकडे दुर्लक्ष करावं लागतं. मधोमध जी मज्जानलिका आकाराला येते आहे तिच्याकडून विंटचे निरोप येतच राहतील, आणि ते ऐकलेस तर हृदय होणं राहून जाईल. म्हणून तू तिच्यापासून लांब, कडेला सरकलेली बरी. शिवाय विंटचा आवाज दाबणारी प्रथिनंही तुझ्या आजूबाजूला स्रवतात. आज्ञा तीच, शब्द तेच, पण दोन दिवसांपूर्वी पाळायची आणि आज धुडकावायची. नोकरीत राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

माणसांनीही हा धडा गिरवला आहे. २०१२ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी माणसाच्या मूलपेशी ताटलीत घेतल्या, एका रसायनाने विंटचा मार्ग आधी चालू केला आणि काही दिवसांनी दुसऱ्या रसायनाने बंद केला. बाहेरून हृदयाचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. आठ-दहा दिवसांत ताटलीत ठोके सुरू झाले. अशा पेशी आता जगभर तयार होतात आणि औषधांच्या चाचणीला उपयोगी पडतात. त्यांच्यात एकच खोट आहे: त्या मोठ्या होत नाहीत. कितीही दिवस ठेवा, वागणं बरंचसं गर्भातल्या पेशीसारखंच राहतं. वळण लावायला आसपास खरं हृदय लागतं, ते ताटलीत कुठून येणार?

शेजाऱ्यांचं नीट ऐकलंस तर तुझ्यात आता तीन-चार जनुकं एकदम जागी होतील: एनकेएक्स टू-फाइव्ह, गाटा-फोर, टीबीएक्स-फाइव्ह. ही एकमेकांना चालू ठेवतात, म्हणून एकदा मैफल जमली की परत फिरणं कठीण. यातल्या पहिल्याचा चुलतभाऊ आधी माशीत सापडला. ते जनुक बिघडलं की माशीच्या गर्भात हृदयच तयार होत नाही, म्हणून १९९३ मध्ये रोल्फ बोडमर यांनी त्याला टिनमॅन म्हटलं, ‘विझर्ड ऑफ ओझ’मधल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. सस्तन प्राण्यांत मामला इतका सरळ नाही. उंदरात हे जनुक काढून टाकलं तरी हृदयाची नळी तयार होते, ठोकेही देते. पुढे वळण घेताना मात्र अडते आणि गर्भ दगावतो. आपल्याकडे एकाच्या रजेवर दुसरा काम भागवतो, पण थोडंच.

टीबीएक्स-फाइव्हबद्दल एक सूचना. ते हृदयाखेरीज हाताच्या घडणीतही नेमलेलं आहे. त्याची एक प्रत बिघडली तर बाळाच्या हृदयाच्या पडद्यात भोक आणि अंगठा नीट नाही, अशी जोडी दिसते. मेरी होल्ट आणि सॅम्युअल ओरॅम या लंडनच्या डॉक्टरांनी १९६० मध्ये ती नोंदवली. कारण कळायला १९९७ उजाडलं. बाळाचा अंगठा वेगळा दिसला की चांगला बालरोगतज्ज्ञ आधी छातीला स्टेथोस्कोप लावतो, तो यासाठी.

जमवाजमव

आता डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा सगळ्याजणी मिळून चंद्रकोरीच्या आकारात बसाल. मग गर्भाची चकती कडांनी आत दुमडू लागेल, आणि त्या दुमडण्याबरोबर कोरीच्या दोन्ही बाजू छातीच्या मधोमध येऊन एक नळी होईल. इथे मागे राहू नये. १९९७ मध्ये गाटा-फोर नसलेले उंदराचे गर्भ तपासले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पेशी हृदयाच्या झाल्या होत्या, पण मधे भेटल्याच नव्हत्या. एका प्राण्याला दोन अर्धवट हृदयं. त्यातला एकही गर्भ जगला नाही.

पहिला ठोका

ठोका द्यायला आत सार्कोमिअर लागतात: अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे धागे ओळीने रचलेले, आणि टायटिन हे शरीरातलं सगळ्यांत लांब प्रथिन त्यांना ताणून धरणारं. कॅल्शियम आत आलं की धागे एकमेकांवर सरकतात आणि तू आकसतेस. कॅल्शियम गेलं की सैल होतेस. सगळी रचना नीट पूर्ण झाल्यावरच सुरुवात करू, असं तुला वाटेल. तसं करू नये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदराच्या गर्भात पाहिलं की नळी होण्याआधी, कोरीच्या अवस्थेतच, एकेका पेशीत कॅल्शियमच्या लहरी उठतात. आधी एक इथे, एक तिथे, कुणाचा कुणाला मेळ नाही. मग शेजारणी एकमेकींशी बारीक दारांनी जोडल्या जातात आणि लहर एकीकडून दुसरीकडे जाऊ लागते. ही लहर थांबवली तर पेशींचं पुढचं शिक्षणही अडतं. म्हणजे काम येतं म्हणून कामाला लागायचं, असं इथे नसतं. कामाला लागल्यामुळे काम येतं.

माणसाच्या गर्भात पहिला ठोका साधारण २२व्या दिवशी पडतो. ढकलायला तेव्हा रक्त फारसं नसतं. काही दिवसांत ते वाहू लागतं, आणि मग थांबण्याची सोय संपते.

पुस्तिकेतला सगळ्यांत महत्त्वाचा नियम हाच, म्हणून वेगळा लिहितो: मुंबईच्या लोकलला रविवारी मेगाब्लॉक मिळतो, तुला मिळणार नाही. यापुढे नळी वळेल, कप्पे पडतील, झडपा बसतील, भिंत जाड होईल, आणि हे सगळं चालू गाडीत होईल. बांधकाम चालू आहे म्हणून ठोका चुकवता येत नाही, आणि ठोके द्यायचे आहेत म्हणून बांधकाम पुढे ढकलता येत नाही. पुढे जे जे विचित्र वाटेल त्याचं कारण बहुतेक वेळा या एका नियमात सापडेल.

गर्भाचं हृदय हलताना आधी पाहिलं कुणी? कोंबडीच्या अंड्यात ॲरिस्टॉटलने पाहिलं. तिसऱ्या दिवशी अंडं फोडलं की पांढऱ्यात रक्ताचा ठिपका हलताना दिसतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सस्तन प्राण्याचा गर्भ आत दडलेला, म्हणून आपली माहिती बराच काळ कोंबडीवरून उसनी घेतलेली होती. सुश्रुतसंहितेत गर्भाचं हृदय चौथ्या महिन्यात व्यक्त होतं असं म्हटलं आहे. त्या महिन्यापासून गर्भिणी दोन हृदयांची, म्हणून तिच्या इच्छा मोडू नयेत. इच्छा मोडू नयेत याबद्दल वादच नाही. पण चौथा महिना लागेपर्यंत चारही कप्पे तयार होऊन बसलेले असतात. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला बायका जमतात, तोवर तू आणि तुझ्या मैत्रिणींनी तीन कोटींच्या आसपास ठोके दिलेले असतात.

उशिरा येणाऱ्यांसाठी

पहिल्या नळीत जागा मिळाली नाही म्हणून कुणी खट्टू होऊ नये. त्या नळीत संपूर्ण हृदयाचं सामान आहे, असं जाणकारही बरीच वर्षं मानत होते. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी, कुणी उंदरात तर कुणी कोंबडीत, दाखवलं की नळीच्या मागे पेशींची दुसरी तुकडी थांबलेली असते आणि ती रक्त बाहेर जाण्याच्या टोकाला भर घालत राहते. पहिल्या तुकडीकडे मुख्यतः डावी जवनिका, म्हणजे डॉक्टरांचं लेफ्ट व्हेंट्रिकल; उशिरा आलेल्यांकडे उजवी जवनिका आणि रक्त बाहेर नेणारा मार्ग. जन्मजात हृदयदोषांतले बरेच याच बाहेरच्या मार्गाचे असतात. शेवटी आलेल्यांच्या वाट्याला नेहमी अवघड काम येतं. तो मार्ग दोन धमन्यांत विभागायला तर थेट मज्जानलिकेच्या कडेच्या पेशी मानेतून खाली उतरून येतात. पाहुण्या आहेत, जागा करून द्यावी.

वळण

नळी वाढत राहते आणि तिची दोन्ही टोकं मात्र जागच्या जागी बांधलेली असतात, त्यामुळे ती वाकते. कुठे वाकायचं हे आधी ठरलेलं आहे: उजवीकडे. ठरवलं कुणी? गर्भाच्या एका लहानशा खड्ड्यात पेशींवर बारीक केस असतात, ते गोल फिरून भोवतीचं पाणी डावीकडे ढकलतात. त्या प्रवाहावरून गर्भाला डावं-उजवं कळतं. १९९८ मध्ये जपानमध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने हे उंदरात दाखवलं. केस फिरले नाहीत तर निर्णय नाणेफेकीवर जातो. साधारण दहा हजारांत एका माणसाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात; त्यांतल्या काहींना सर्दी-खोकलाही सतत छळतो, कारण श्वासनलिकेतले केसही त्याच घडणीचे. सगळंच उलटं झालं तर बिघडत नाही. अर्धं सरळ, अर्धं उलटं झालं तर मोठी शस्त्रक्रिया.

पडदे आणि झडपा यांचं काम मुख्यतः आतल्या अस्तराकडे आहे. तुझा त्यात थोडाच भाग, म्हणून इथे सोडून देतो.

भिंत

सुरुवातीला हृदयाची भिंत दोन-तीन पेशींची. जाड करायची म्हटलं तर अडचण आहे: हृदयाला स्वतःच्या रक्तवाहिन्या अजून नाहीत. प्राणवायू मिळायचा तो आतून वाहणाऱ्या रक्तातून झिरपून. म्हणून भिंत सरळ जाड न करता आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे वाढवायचे. त्यामुळे स्नायूही वाढतो आणि रक्ताजवळचा पृष्ठभागही.

उंचवटे वाढवायचा हुकूम अस्तराकडून न्यूरेग्युलिन या प्रथिनाच्या रूपाने येतो आणि तुझ्या अंगावरचे दोन ग्राहक तो घेतात. त्यातल्या एकाचं नाव हर-टू. १९९५ मध्ये हे ग्राहक काढून टाकलेले उंदराचे गर्भ उंचवटे न होता दहाव्या-अकराव्या दिवशीच दगावले. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर हर-टू हे नाव ओळखीचं वाटेल. काही गाठींत ते फार वाढतं आणि ट्रॅस्टुझुमॅब नावाचं औषध त्याला अडवतं. मोठ्या वयाच्या हृदयालाही या ग्राहकाची गरज संपलेली नसते, म्हणून ते औषध चालू असताना दर काही महिन्यांनी टू-डी इको करायला सांगतात. ‘छातीत काही होत नाही तर इको कशाला’ म्हणून ती टाळू नये.

पुढे यकृताजवळून काही पेशी येतात आणि हृदयावर बाहेरून पातळ पदर पांघरतात. हा पदर तुला वाढ म्हणून सांगत राहतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी सामान पुरवतो. रक्तवाहिन्या आल्या की उंचवट्यांची गरज कमी होते; मग भिंत बाहेरून घट्ट आणि जाड व्हावी. ती घट्ट झाली नाही, उंचवट्यांचं जाळंच राहिलं, तर त्यालाही एक आजार म्हणतात आणि तो कधी कधी तिशी-चाळिशीत कळतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठोके देता देता विभाजन कसं करायचं? आतले सार्कोमिअर तात्पुरते सोडायचे, दोन व्हायचं, पुन्हा बांधायचे. शेजारणी तेवढ्यात सांभाळून घेतात. सगळ्यांनी एकदम सोडायचे नाहीत, एवढं पथ्य.

वेग किती ठेवावा? सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मिनिटाला ११०च्या आसपास, नवव्यात १७०च्या आसपास, मग हळूहळू खाली. डॉक्टरांचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असतात; आपला हिशेब त्यांच्याहून दोन आठवडे मागे चालतो.

ताल धरायचं काम मला मिळेल का? ते रक्त आत येण्याच्या टोकाकडच्या थोड्या जणींना मिळतं, आणि त्यांना स्नायूपण बरंचसं सोडावं लागतं. ताकदही आणि तालही, दोन्ही मागू नये.

हृदयात माझ्यासारख्याच बहुसंख्य ना? नाही. आकारमानाने तू भारी, पण संख्येने निम्म्याहून कमी. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि तंतू विणणाऱ्या पेशी मिळून जास्त भरतात. नम्र असावं.

जन्मानंतर

बाळ रडतं, फुप्फुसात हवा शिरते, आणि तुझ्या कामाच्या सगळ्या अटी बदलतात. आतापर्यंत साखर आणि लॅक्टेटवर भागत होतं, आता चरबी जाळायला शिकायचं. प्राणवायू एकदम वाढतो, आणि त्या वाढीनेच विभाजनाला खीळ बसते असं उंदरांवरच्या कामातून दिसतं. २०११ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस इथे एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचं टोक कापलं, तर तीन आठवड्यांत ते भरून आलं. सात दिवसांच्या उंदराचं कापलं, तर व्रण राहिला. एका आठवड्यात दार बंद.

यापुढे संख्येने नाही, आकाराने वाढायचं. जन्माच्या वेळी वीसेक ग्रॅमचं हृदय मोठेपणी अडीचशे-तीनशे ग्रॅमचं होतं, ते मुख्यतः तू फुगल्यामुळे. नवी भरती होतच नाही असं नाही. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक नामी मोजणी केली: अणुस्फोटांच्या चाचण्यांनी हवेत पसरलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत किती आहे यावरून पेशीचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. हृदयविकाराच्या झटक्यात एका दुपारी जेवढ्या जातात, तेवढ्या या वेगाने भरून येत नाहीत. तिथे व्रण बसतो, आणि व्रण ठोका देत नाही.

मालकांसाठी सूचना

पेशींना वाचता येत नाही. तेव्हा पुस्तिका इथवर वाचणारे तुम्ही माणूस असणार, आणि तुमच्यासाठी थोडं.

पहिला ठोका पडतो तेव्हा आईची पाळी जेमतेम आठवडाभर लांबलेली असते. बऱ्याच घरांत तोवर चाचणीही झालेली नसते. आईची रक्तातली साखर या दिवसांत फार चढलेली असेल तर बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका वाढतो. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर तोही धोका मोठा. रुबेला हा किरकोळ वाटणारा तापही तसाच. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांनी १९४१ मध्ये मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गर्भारपणात रुबेला झाला होता हे ओळखलं, आणि त्यातल्या अनेक बाळांचं हृदयही सदोष होतं. रुबेलाची लस आहे, पण ती गर्भारपणात देत नाहीत आणि घेतल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की पाळी चुकायची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा, लस झाली आहे का ते तपासा, चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. पेशी तुमच्या तारखेसाठी थांबत नाहीत.